दुसऱ्या मजल्यावरच्या म्हात्रे बाई

आमच्या शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर, जिना चढून डावीकडे वळलं की जी मोठी खोली लागते, तिच्या दारावर आता ‘डिजिटल कक्ष’ अशी निळी पाटी आहे. आत गार हवा असते, भिंतीवर पांढरा पडदा आहे, आणि चपला बाहेर काढून जावं लागतं. मुलं तिथे जायला उड्या मारत असतात, आणि ते चांगलंच आहे. मला मात्र त्या खोलीत करमत नाही. तास असला की जातो, बटणं दाबतो, पडद्यावर काय उमटेल ते पाहतो आणि घंटा झाली की सुटल्यासारखा बाहेर येतो. आत पाऊल टाकताना अजूनही क्षणभर वाटतं की खिडकीजवळच्या टेबलामागून कुणीतरी विचारील, “काय सर, आज वाट चुकलात?”

म्हात्रे बाई मला असंच विचारायच्या. त्यांना जाऊन आता काही वर्षं झाली. शाळेत त्यांना ओळखणारे आम्ही मोजकेच उरलो आहोत, आणि आमच्यात त्यांचा विषय निघाला की चहा गार होतो.

बाई मूळच्या कोपरच्या. म्हणजे कोपरला स्टेशन झालं त्याच्याही आधीच्या. नोकरदार माणसं इथे, डोंबिवली पश्चिमेला, फ्लॅट घेऊन आली, त्याआधी त्या जमिनीवर ज्यांची भातशेती होती त्या आगरी घरातल्या. स्टाफरूममध्ये कुणी आपल्या सोसायटीचं कौतुक सांगायला लागलं की बाई शांतपणे म्हणायच्या, “हो, माहितीये. आमच्या खालच्या शेतात आहे ती.” अंगाने ठेंगण्या, रुंद, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला आणि अंबाड्यात खोचलेली लाल-निळी पेन्सिल. ती पेन्सिल त्या दिवसातून चार वेळा टेबलाखाली वाकून शोधायच्या. मुलं गालात हसत उभी राहायची आणि कुणीही सांगायचं नाही, कारण सापडल्यावर बाई स्वतःवरच चिडून जे काय बोलायच्या ते ऐकण्यासारखं असायचं.

कागदोपत्री त्या अर्धवेळ ग्रंथपाल होत्या. शाळेच्या पटसंख्येवर पद ठरतं, आणि मराठी शाळेचा पट कुठल्या दिशेने चाललाय हे मी वेगळं सांगायला नको. अर्धवेळ म्हणजे सकाळी येऊन जेवायला घरी जाता येईल एवढीच नोकरी. बाई सकाळच्या प्रार्थनेला हजर असायच्या आणि दुपारचं सत्र सुटल्यावर निघायच्या. मी एकदा म्हटलं, “बाई, अर्धवेळ म्हणतात याला?” त्या म्हणाल्या, “अर्धा वेळ सरकारचा, अर्धा माझा. माझ्या वेळात मी कुठे बसायचं ते सरकार कोण ठरवणार?”

मी ठाण्याहून, कोपरीतून, मराठी शिकवायला या शाळेत लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला वर बोलावलं आणि समोर बसवून विचारलं, “काय वाचता?” नवा शिक्षक जसं उत्तर देईल तसं मी दिलं. दोन-चार जड नावं घेतली, थोडं समीक्षेचंही बोललो. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “ते झालं. झोपताना काय वाचता?”

मी जरा घुटमळलो. “रहस्यकथा.”

“मग ठीक आहे,” बाई म्हणाल्या. “पोरांशी जमेल तुमचं.”

जमलं, पण लगेच नाही. माझा उत्साह दांडगा होता. मी आठवीच्या वर्गाला फर्मान काढलं की दर आठवड्याला एक पुस्तक वाचायचं आणि त्याचा सारांश व तात्पर्य लिहून आणायचं. पंधरा दिवसांत बाई स्वतः जिना उतरून माझ्या वर्गाच्या दारात आल्या. त्या सहसा खाली येत नसत, गुडघे दुखायचे. मला बाहेर बोलावून म्हणाल्या, “सर, माझी गिऱ्हाईकं तोडू नका.”

“म्हणजे?”

“पोरं जाड पुस्तकाला हात लावेनात. जेवढं जाड तेवढा सारांश मोठा, असा हिशोब आहे त्यांचा. काल एकाने तर उंची मोजल्यासारखी बोटाने पानांची जाडी मोजली. तुमच्या घरी जेवून उठल्यावर लिहून घेतात का, काय काय खाल्लं आणि त्यातून काय बोध झाला?”

मी सारांश बंद केले. बाईंचं म्हणणं एवढंच असायचं की वाच आणि विसर. विसरलेलं कुठे जात नाही, अंगात राहतं, असं त्यांना ठामपणे वाटायचं. पुस्तक परत आणणाऱ्या मुलाला त्या “आवडलं का?” एवढंच विचारायच्या, आणि “नाही” म्हणणाऱ्यावर त्यांचा लोभ जास्त असायचा. “बस इकरं. मना सांग, का नाय आवडलं ते,” असं त्या आपल्या घरच्या बोलीत म्हणायच्या. एरवी आमच्याशी अगदी पुस्तकी मराठी बोलणाऱ्या बाई मुलांशी लाडात आल्या किंवा रागावल्या की आगरीत शिरायच्या. कोपर-मोठागावातली आगरी पोरं त्याने चकित व्हायची. आपल्या आजीची भाषा शाळेत, त्यातही पुस्तकांच्या खोलीत, कुणी बोलतं हे त्यांना नवीन होतं. त्यातली कितीतरी पोरं नुसती ते बोलणं ऐकायला वर यायची आणि उगाच रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून पुस्तक घेऊन जायची.

जेवणाचा डबा बाई ग्रंथालयातच खायच्या. त्यांच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि बऱ्याचदा सुकट असायची, आणि आमच्या स्टाफरूममध्ये काही नाकं फार हळवी होती. कुणी तोंडावर काही बोललं नव्हतं, पण खिडक्या उघडल्या जायच्या. बाईंनी वाद घातला नाही. “वर बसते मी, पुस्तकांना वास चालतो,” म्हणाल्या आणि वर गेल्या. मग मधल्या सुट्टीत मुलंही डबे घेऊन वर जायला लागली. बाईंचा नियम एकच, जेवल्यावर हात साबणाने धुवायचे आणि दारातल्या पंच्याला पुसायचे, मगच कपाटाजवळ जायचं. काही दिवसांनी हळव्या नाकांच्या एक-दोन शिक्षिकाही डबा घेऊन वर जाताना दिसू लागल्या, आणि त्यातल्या एकीने मला विचारलं की सुकटीत कैरी घालतात का.

त्यांच्या कपाटांना कुलपं नव्हती. हे वाचणाऱ्याला साधं वाटेल, पण शाळेच्या ग्रंथालयात ज्यांनी कधी काम केलंय त्यांना विचारा. पुस्तक हरवलं की ते ग्रंथपालाच्या अंगावर येतं. म्हणून बहुतेक ठिकाणी पुस्तकं काचेआड असतात आणि मुलं काचेवर नाकं लावून त्यांची नावं वाचतात. एकदा तपासणीला साहेब आले होते. शेजारच्या एका शाळेत पुस्तकं कशी काल आणल्यासारखी कोरी आहेत याचं त्यांनी कौतुक केलं आणि मग आमची कपाटं पाहिली. कोपरे दुमडलेले, पाठीला खाकी कागद डकवलेला, काहींना शिवणीचा दोरा. साहेब म्हणाले, “बाई, ही काय अवस्था?”

बाईंनी सगळ्यात फाटकं पुस्तक उचललं आणि नातवाचा फोटो दाखवावा तसं साहेबांपुढे धरलं. “हे बघा साहेब. हे तिसऱ्यांदा शिवलंय.”

साहेब भले गृहस्थ होते, पण त्यांनाही वर कागद द्यायचा होता. त्यांनी शेरा लिहिला की पुस्तकांची निगा समाधानकारक नाही. बाईंनी तो शेरा पुढे आठवडाभर भेटेल त्याला हसत हसत सांगितला. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, वैतागल्या. “म्हात्रे बाई, यात आनंद होण्यासारखं काय आहे?” म्हात्रे बाई म्हणाल्या, “पुस्तकं झिजली नाहीत तर मी पगार कशाचा घेते?”

पण मला बाई खऱ्या कळल्या त्या सानिकामुळे. सानिका सातवीत नव्याने आलेली, उंच, नीटनेटकी, चेहऱ्याने तरतरीत पोरगी. वडील रिक्षा चालवायचे. कविता पाठ, धडे पाठ, प्रश्नोत्तरं पाठ. सगळ्या शिक्षकांची लाडकी. ती दर आठवड्याला पुस्तक न्यायची आणि दुसऱ्याच दिवशी आणून द्यायची. “छान होतं, बाई.” प्रत्येक पुस्तक छान. एके दिवशी बाईंनी तिला विचारलं, “मधली चार पानं कुणीतरी उलटी शिवलीत ना यात?” सानिका म्हणाली, “नाही बाई, सरळ आहेत.” पानं खरोखरच उलटी होती. बाईंच्याच हातून शिवताना चूक झाली होती.

बाईंनी पुस्तक जमा करून घेतलं. संध्याकाळी मला खाली उतरताना थांबवून म्हणाल्या, “सर, त्या पोरीला वाचता येत नाही, म्हणून ती पुस्तक उघडतच नाही. ऐकून पाठ करते सगळं. सातवीपर्यंत आली कशी, ते विचारू नका. आता काय करायचं ते बोलू.”

मी म्हटलं, “पहिलीची पुस्तकं देऊ या. सुरुवातीपासून.”

“वर्गासमोर? सातवीतल्या पोरीच्या हातात ‘कमळ, बदक’ दिलं तर ती उद्यापासून शाळेतच येणार नाही.”

दुसऱ्या दिवशी बाईंनी सानिकाला बोलावलं आणि गुडघे चोळत म्हणाल्या, “माझं एक काम करशील गो? खाली बालवाडीतल्या पोरांना दर शनिवारी गोष्ट वाचून दाखवायची असते. मला आता जिना होत नाही. तू वाचशील?” सानिकाचा चेहरा पडला. बाई पुढे म्हणाल्या, “आणि बालवाडीतली पोरं लय वांड असतात. अडखळलं की ओरडतात. त्यामुळे आठवडाभर माझ्यापुढे तालीम करावी लागेल. सोपं नाही ते.”

अशी ती पोरगी रोज मधल्या सुट्टीत बाईंसमोर बसून मोठ्या अक्षरांचं, दोन ओळींचं, चित्रांचं पुस्तक वाचायला लागली, आणि कुणालाही त्यात वावगं दिसलं नाही, कारण ती बालवाडीची तालीम होती. पहिल्या शनिवारी तिने ते पुस्तक बहुधा पाठच करून म्हटलं असावं. मग बाईंनी शुक्रवारी दुपारी पुस्तक बदलायला सुरुवात केली. “अगं, ते पोरांनी ऐकलंय म्हणे. हे घे.” रडकुंडीला येऊन सानिका अक्षर अक्षर जोडायची. बाई तिच्याकडे बघायच्याही नाहीत, आपलं शिवणकाम चालू ठेवायच्या आणि अडली की नुसतं पुढचं अक्षर पुटपुटायच्या. दिवाळीनंतर गोष्टी लांबल्या. आणि एका शनिवारी मी बालवाडीवरून जात असताना पाहिलं, सानिका वाचता वाचता थांबली होती आणि स्वतःच हसत होती. पुढच्या ओळीत काहीतरी गमतीचं होतं आणि ते तिला पोरांच्या आधी कळलं होतं. मी वर जाऊन बाईंना सांगितलं. बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला, परत काढला.

सुखाचे दिवस म्हणतात ते हेच असावेत. आपण त्यात असताना ते कळत नाही, ही एक पंचाईत आहे.

बाईंच्या निवृत्तीचं वर्ष आलं आणि हळूहळू कळत गेलं की त्यांच्या जागी कुणी येणार नाही. पटात पद बसत नव्हतं. खोली मात्र मोठी होती आणि पालक विचारत होते की इंग्रजी शाळांसारखा कॉम्प्युटरचा वर्ग कधी होणार. मोठ्या बाईंचंही चूक नव्हतं. वर्ग बंद पडू नयेत म्हणून त्या जिवाचं रान करत होत्या. त्यांनी म्हात्रे बाईंना सांगितलं की पुस्तकं पोत्यांत बांधून जिन्याखालच्या खोलीत ठेवू, मग सोय झाली की बाहेर काढू.

“सोय कधी होईल?”

“बघू ना, बाई.”

त्या रविवारी बाई माझ्याबरोबर ठाण्याला आल्या. कोपरीतल्या एका शाळेत त्यांच्या जुन्या मैत्रिणीचं ग्रंथालय होतं, आणि तिथली पुस्तकं अशीच ‘सोय होईपर्यंत’ बांधून ठेवली होती. शिपायाने आम्हाला ती खोली उघडून दिली. पोती एकमेकांवर रचलेली होती. बाईंनी एकाची सुतळी सोडली आणि आत हात घातला. हाताला जे लागलं ते पुस्तक राहिलं नव्हतं, ओलसर लगदा होता, आणि वाळवी बाईंच्या मनगटावर चढली. बाईंनी हात झटकला, सुतळी परत बांधली, शिपायाला “बरं” म्हटलं. आम्ही स्टेशनकडे निघालो. मी चहाचं विचारलं तर नको म्हणाल्या. पुलावर थांबून फक्त म्हणाल्या, “माझ्या पोरांची पुस्तकं अशी नाही मरू देणार.”

एप्रिल हा शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकं जमा करण्याचा महिना. वर्षभर वाटलेलं सगळं परत घ्यायचं, मोजायचं, कपाटं बंद करायची, आणि मगच सुट्टी. बाईंनी ते नेहमीसारखं चोख केलं. एकूण एक पुस्तक परत आलं, मोजून झालं, वार्षिक मोजणीवर मोठ्या बाईंची सही झाली. आणि मग परीक्षा संपायच्या आठवड्यात बाईंनी उलटं सुरू केलं. येईल त्या मुलाला पुस्तकं द्यायला लागल्या. एक नव्हे, दोन, चार, पिशवीत मावतील तेवढी. “आईला काय आवडतं? आजी वाचते का? नाही? मग तू वाचून दाखव तिला.” दुसऱ्या दिवशी जिन्यावर रांग लागली. तिसऱ्या दिवशी रांगेत काही आयाही होत्या.

मोठ्या बाई धावत वर आल्या. अर्धी कपाटं रिकामी झाली होती. “म्हात्रे बाई, हे काय चाललंय? पुस्तकं कुठे आहेत?”

“वाचायला गेलीत.”

“आता? एप्रिलमध्ये? परत कोण घेणार? तुमच्या निवृत्तीच्या कागदांवर साठा पूर्ण असल्याची सही करावी लागते मला. कागद अडकतील तुमचे!”

“अडकू देत,” बाई म्हणाल्या आणि पुढच्या पोराला विचारलं, “तुना भुतांची पायजे ना रं?”

मोठ्या बाईंना ओरडायचं होतं, पण समोर पन्नासेक मुलं आणि त्यांच्या आया बघत होत्या. शेवटी त्या खाली गेल्या. कागद अडकले, ते अडकलेच. पावसाळा सरेपर्यंत बाई शिक्षण खात्याच्या कचेरीत हेलपाटे घालत होत्या. अखेर मोठ्या बाईंनीच कुठेतरी आपल्या जबाबदारीवर सही केली, हे मला फार नंतर कळलं, आणि त्यांच्याबद्दल मनात जे काही होतं ते निवळलं. जूनमध्ये काही पुस्तकं परत आली. घ्यायला कुणी नव्हतं म्हणून मुलांनी ती माझ्या टेबलावर आणून ठेवली, मग आपापसांत बदलून परत नेली. बरीचशी आलीच नाहीत. ती कुठे आहेत ते मला माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायची इच्छाही नाही.

बाई मुलीकडे कळव्याला राहायला गेल्या आणि दुसऱ्या वर्षी, हृदयाच्या दुखण्याने, गेल्या. मी “येतो, येतो” म्हणत राहिलो होतो. कळवा काही लांब नाही, रोज माझ्या वाटेवरच लागतं. आता गाडी तिथे थांबली की मी दाराकडे बघतो. काही उपयोग नाही, तरी बघतो.

त्यांचं मला झालेलं शेवटचं दर्शन त्या एप्रिलमधल्या अखेरच्या दिवसाचं. दुपार टळून गेली होती. कपाटं रिकामी होती. बाई हात पुसत उभ्या होत्या आणि मी त्यांना खाली घेऊन जायला आलो होतो, इतक्यात पाचवीतली मानसी धापा टाकत आली. आठवडाभर तापाने पडली होती, तिला कुणीतरी सांगितलं होतं की बाई पुस्तकं वाटतायत. तिने सगळी कपाटं पाहिली. मग बाईंकडे पाहिलं.

बाईंनीही एकेका फळीवरून हात फिरवला, जणू एखादं मागे राहिलं असेल. काही नव्हतं. मग त्यांनी आपली पर्स उघडली आणि स्वतःचं, अर्धं वाचून झालेलं, खूण घातलेलं पुस्तक बाहेर काढलं. खूण काढून घेतली आणि ते मानसीच्या हातात दिलं. “थोडं मोठं आहे तुला. पण वाच.”

मानसीने पुस्तक छातीशी धरलं. मग शहाण्या मुलीसारखं विचारलं, “बाई, परत कुणाला द्यायचं?”

बाईंनी हातातली खूण पर्समध्ये टाकली. माझ्याकडे पाहिलं.

“आधी वाच तर खरं,” बाई म्हणाल्या. आवाज त्यांचा वाटत नव्हता.

दोघींची घरं एकाच वाटेवर होती, म्हणून त्या बरोबरच निघाल्या. मी वरच्या गॅलरीत उभा राहिलो. फाटकाबाहेर रिक्षांची रांग, भाजीच्या गाड्या, शनिवारची गर्दी. मानसीने चार पावलं टाकली असतील नसतील, तोच पुस्तक उघडलं आणि चालता चालता वाचायला लागली. बाई तिच्या मागे होत्या. समोरून एक रिक्षा हॉर्न वाजवत आली. बाईंनी तिला हाक मारली नाही, पुस्तक मीट म्हणाल्या नाहीत. नुसता तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला हळूच कडेला घेतलं. पोरीने मान वर केली नाही. बाईंनी हातही काढला नाही. तशाच त्या दोघी, एक वाचत आणि एक वाट दाखवत, कोपरच्या वळणापर्यंत गेल्या.